बाई आणि त्यांचा क्लच

बाईंच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचं तर एक अट होती. त्यांच्या चपला मांडीवर धरायच्या. बाई अनवाणी गाडी चालवत. चपला खाली ठेवल्या तर घसरून पेडलखाली जातील आणि मागे ठेवल्या तर हव्या तेव्हा सापडणार नाहीत, म्हणून ज्याला पुढे बसायची हौस त्याने त्या सांभाळायच्या. मी त्यांच्या प्रसूतिगृहात नर्स म्हणून लागले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाडीत घातलं, चपला माझ्या पांढऱ्याशुभ्र गणवेशावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "धर. त्या पडल्या तर तुलाही उतरवीन." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

प्रसूतिगृह चिंचपोकळी स्टेशनजवळच्या गल्लीत, एका चाळीच्या तळमजल्यावर होतं. गिरणीत जाणाऱ्या बायका, गिरणीत जाणाऱ्यांच्या बायका, करी रोडपासून लालबागपर्यंतच्या सगळ्या आमच्याकडेच मोकळ्या व्हायच्या. बाई उंच, हाडकुळ्या, नऊवारीचा घट्ट कासोटा मारणाऱ्या, आणि आवाज असा की त्या ओरडल्या की वरच्या मजल्यावर निजलेली पोरं रडत उठायची. त्यांना नवरा होता की नव्हता यावर चाळीत दोन पक्ष होते. विचारायची छाती दोन्हींपैकी एकाही पक्षाला नव्हती. नोकरी सोडेपर्यंत मलाही ती झाली नाही.

गाडी जुनी, काळी, विलायती. ती "बिघडली" असं बाईंसमोर म्हणायची सोय नव्हती. "बिघडतं ते दूध. गाडीला बरं नसतं," असं लगेच ऐकावं लागे. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी बोनेटवर टेकवून बाई इंजिन ऐकत, आणि गल्लीतली रिकामी मंडळी भोवती श्वास रोखून उभी राहत. अशा नळ्या दोन होत्या. गाडीच्या नळीला लाल दोरा बांधलेला असे. एकदा घाईत मी लाल दोऱ्याची नळी एका गरोदर बाईच्या पोटाला लावली, तेव्हा बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता पोटातलं पोर पेट्रोल मागणार.

क्लच म्हणजे काय हे मला त्यांनी स्वयंपाकाच्या ओट्यावर दोन ताटल्या घेऊन शिकवलं. एक ताटली इंजिनाची, ती सारखी फिरते. दुसरी चाकांची. दोन्ही एकमेकींना घट्ट धरून असतात तोवर गाडी चालते. पेडल दाबलं की सुटतात, सोडलं की पुन्हा धरतात.

"दाबणं गाढवालाही येतं," बाई म्हणाल्या. "सोडणं शिकावं लागतं. सावकाश सोडलंस तर आत बसलेल्याला पत्ता लागत नाही. झटकन सोडलंस की धक्का. आणि माझ्या गाडीत कोण बसतं?"

"पोटुशी बाई."

"मग?" असं म्हणून त्यांनी दोन्ही ताटल्या मला घासायला दिल्या.

त्यांच्या रागाबद्दल लिहायचं तर कागद पुरणार नाही, पण त्या रागाला एक कुंपण होतं आणि ते त्यांनी स्वतः घातलं होतं. आमच्याकडे येणाऱ्या बायका खोटं फार बोलत. भीतीनेच बोलत बिचाऱ्या. कुणी सुइणीचा काढा घेतलेला असे, कुणी जड हंडा उचललेला असे, कुणाला नवऱ्याने मारलेलं असे. अशी एखादी गप्प बसली की बाई चष्मा काढून टेबलावर ठेवत. चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचंही धड दिसत नसे. "आता मला तुझं तोंड दिसत नाही," त्या म्हणत, "आणि माझ्या तोंडाकडे तू बघू नकोस. सांग." चष्मा खाली असेपर्यंत सांगितलेल्या गोष्टीवर बाई कधीही, कुणालाही, एक शब्द बोलत नसत. हे सगळ्या गिरणगावाला ठाऊक होतं. एकदा एका पोरीने असं काही सांगितलं की माझंच रक्त उकळलं. बाईंनी शांतपणे विचारून घेतलं, औषध दिलं, मग मागच्या मोरीत जाऊन रिकाम्या बादलीला अशी लाथ घातली की बादली कायमची वाकडी झाली. ती वाकडी बादली आम्ही पुढे बरीच वर्षं वापरली.

भागीरथीआया बाईंकडे माझ्या आधीपासून होती. मालवणकडची, ठेंगणी, देवभोळी. बाईंना ती "बाये" म्हणे आणि बाई तिला सकाळ-संध्याकाळ फैलावर घेत. दसरा आला की दोघींची जुंपायची. त्या दिवशी गल्लीतली यच्चयावत शिवणयंत्रं, सायकली, हातगाड्या हळदीकुंकवात न्हायच्या, झेंडूत बुडायच्या. बाई मात्र इंजिनात नवं तेल घालत आणि भागीरथीकडे बघत जाहीर करत, "झाली पूजा. माझ्या गाडीला कुणी कुंकू लावलं तर खबरदार." भागीरथी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत आत निघून जाई.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. मुंबई महाराष्ट्राची की कुणाची, यावर रोज सभा, रोज मोर्चे, आणि मग पोलीस. अश्रुधुराचा वास आमच्या बाळंतिणींच्या खोलीपर्यंत यायचा, आणि आम्ही ओल्या चादरी दारांना लावायचो. बाई सभेला कधी गेल्या नाहीत. "मुंबई कुणाची ते तुम्ही ठरवा," त्या म्हणायच्या, "बाळंतीण माझी." पण अडलेली बाई परळच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायची वेळ आली की त्या मोर्च्यातून, दगडांतून, पोलिसांच्या रांगेसमोरून गाडी काढायच्या. मी शेजारी चपला धरून बसलेली असायची आणि माझ्या हातांचा घाम त्या चपलांच्या चामड्याला लागायचा. भागीरथी मागे, बाळंतिणीचं डोकं मांडीवर घेऊन, जप करत असायची.

आणि नेमका तेव्हाच क्लच चिकटायला लागला.

आधी नुसता आळसावला. पेडल दाबलं तर जायचं, पण पाय उचलल्यावर लगेच वर येत नसे. मागून रांगत रांगत यायचं. मग काही दिवसांनी अर्ध्यातच थांबायला लागलं. बाई पायाची बोटं पेडलखाली अडकवून ते वर ओढत. त्यांचा चेहरा त्या दिवसांत बघवत नसे. वाटेत क्लचने दगा दिला तर मागे बसलेल्या बाईचं काय होईल, हे त्या बोलून दाखवत नव्हत्या आणि आम्हीही विचारत नव्हतो.

एका सकाळी आम्ही पुलापलीकडच्या गॅरेजात गेलो. तिथल्या मिस्त्रीने पेडल दाबून पाहिलं आणि मान हलवली. "क्लच प्लेट गेली बाई. गिअरबॉक्स उतारना पडेगा. आठवडा तरी सोडा गाडी."

"आठवडा?" बाई कडाडल्या. "या दिवसांत? आणि पोट फाडायच्या आधी कुठं दुखतंय ते तरी विचारशील की नाही?"

मग त्यांनी स्वतःच तपासणी सुरू केली. हातब्रेक ओढला, वरचा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडत गेल्या. गाडी जागेवर थरथरली आणि इंजिन गचकन बंद पडलं. "बघ. प्लेट घसरत असती तर इंजिन चालूच राहिलं असतं. म्हणजे धरते आहे." पुन्हा इंजिन चालू केलं, क्लच दाबून धरला आणि रिव्हर्स टाकला. गिअर हूं की चूं न करता पडला. "बघ. प्लेट चिकटलेली असती तर गिअर करकरला असता. म्हणजे सुटतेही आहे. धरतेही आहे, सुटतेही आहे. आत काही नाही. दुखणं बाहेरचं आहे, पेडलचं."

मिस्त्री ऐकून घेत होता. माणूस शहाणा होता. त्याने खाली वाकून पेडलची परत आणणारी स्प्रिंग नवी घातली, सगळ्या सांध्यांना ग्रीस भरलं, तेल सोडलं. पेडल तसंच रांगत वर आलं. मग तो उभा राहिला, हात पुसले आणि म्हणाला, "बाई, तुमी बोलता ते बराबर. बाहरका है. तो फिर आपही बोलो, वर का येत नाही?"

परत येताना बाई एवढंच म्हणाल्या, "सकाळी जास्त असतं. ऊन तापलं की सैल पडतं. असं का?" हा प्रश्न त्यांनी नंतर बरेच दिवस चघळला.

दुसरी एक गोष्ट होती मुंग्यांची. पेडलपाशी लाल मुंग्या व्हायला लागल्या. बाईंच्या अनवाणी पायांना चावायच्या. त्यांनी एका दुपारी मला आणि भागीरथीला ओट्यासमोर उभं करून सगळी चाळ ऐकेल अशा आवाजात विचारलं, "माझ्या गाडीत बसून कोण खातं?" मी म्हटलं, मी नाही. भागीरथी खाली बघत होती. बाईंनी माझ्यावर ठपका ठेवला, कारण मला पेढे आवडतात हे जगजाहीर होतं. मला फार राग आला. मी त्या दिवशी जेवले नाही आणि बाईंच्या ते लक्षातही आलं नाही.

मग तो हरताळाचा दिवस आला. गिरण्यांचे भोंगे वाजले नाहीत. सकाळची उन्हं जेमतेम गल्लीत उतरली होती आणि करी रोडच्या चाळीतल्या लोकांनी शेवंताला हातगाडीवर घालून आणलं. तिचा नवरा गिरणीत होता आणि मोर्च्याला गेलेला होता. तिच्या लुगड्याचा रंग ओळखू येत नव्हता इतकं रक्त होतं. बाईंनी तपासलं आणि माझ्याकडे वळल्या. "वार खाली आलीय. बाळाच्या वाटेवरच बसलीय. आपल्याकडे होणार नाही. ऑपरेशन पाहिजे, आणि तेही आत्ता." फोनवर कळलं की रस्ते बंद आहेत, अँब्युलन्स निघू शकत नाही. हातगाडीवाला म्हणाला, मी नेतो ना पळवत. बाई त्याच्यावर खेकसल्या, "हातगाडीच्या धक्क्यांनीच एवढं गेलंय. आणखी धक्के बसले तर हातात काही उरणार नाही."

म्हणजे गाडीच. आणि गाडीतही धक्का चालणार नाही. आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि प्रत्येकीच्या मनात तोच क्लच होता.

बोनेटवर पांढरी चादर बांधली. शेवंताला मागे आडवं घातलं, डोकं भागीरथीच्या मांडीवर, पायांखाली उशा. चपला माझ्या मांडीवर आल्या. गल्लीतून निघताना बाईंनी बोटांनी पेडल वर ओढत, हळू, फार हळू गाडी काढली. मी मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि दर वळणाला बघत होते.

लालबागच्या रस्त्यावर आलो तेव्हा समोर सगळा दगडांचा आणि काचांचा सडा. एका बाजूच्या चाळींच्या बोळांतून माणसं पुढे यायची, दगड भिरकावायची, मागे पळायची. लांब, परळच्या बाजूला, पोलिसांची रांग उभी होती. मधला रस्ता रिकामा, आणि त्या रिकाम्या रस्त्यात आमची काळी गाडी. डोळे चुरचुरत होते. दगडांच्या एका ढिगाला वळसा घालायला बाईंनी गाडी थांबवली, क्लच दाबला, आणि पेडल खाली गेलं ते तिथेच बसलं.

बाईंनी बोटं घातली. हललं नाही. वाकून हाताने ओढलं. एकदम, फटकन वर आलं. गाडीने उसळी मारली आणि बंद पडली. शेवंताची किंकाळी मी आजही विसरलेले नाही.

"बाये, रगत वाढला!" भागीरथी मागून रडत ओरडली.

बाईंनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. कुठेतरी शिटी वाजली, एक दगड आमच्या पुढ्यात पडून गडगडत गेला. मला वाटलं त्या आता मला, भागीरथीला, सगळ्या जगाला शिव्या घालणार. त्यांनी चष्मा काढला. घडी घालून पदराच्या टोकात ठेवला.

"मला आता कुणाचं तोंड दिसत नाही," त्या समोर बघत म्हणाल्या. आवाज अगदी खालचा, बाळंतिणीशी बोलतात तसा. "या पेडलला कुणी काही केलंय का? मी मागे ओरडून विचारलं, ते चुकलं माझं. आता सांगा."

मला काहीच सांगायचं नव्हतं. मागून शेवंताचं कण्हणं ऐकू येत होतं. मग भागीरथीचा आवाज आला, इतका बारीक की तिचाच आहे हे ओळखू आलं नाही.

"मी घातलंय, बाये. दसऱ्याक. तुमी आत निजलात तेवा."

"काय घातलंस?"

"पंचामृत. रोज गोळीबार, गोळीबार म्हणतत, आणि तुमी गाडी घेवन त्यातच जातास. माका भियां वाटला. गाडी चलवताना तुमचे पाय थयच असतत ना? म्हणान थय अभिषेक केलंय."

मी डोळे मिटले. बाईंच्या पायांना इजा होऊ नये म्हणून ती त्या पायांच्या जागेवर देवाला घालतात तसं स्नान घालून बसली होती. आता बाई काय करतील याचा मला अंदाज येईना. त्यांनी फक्त पुढचा प्रश्न विचारला, रोग्याला विचारावा तसा.

"पंचामृतात साखर होती?"

"व्हय. आणि मध. भरपूर घातलेलंय."

"मुंग्या," बाई म्हणाल्या. "आणि ऊन तापलं की सैल. पाक झालाय खाली, पेडलच्या दांड्यावर. आम्ही वर तेल ओतत बसलो. साखर तेलात विरघळते का? पाण्यात विरघळते. उकळत्या पाण्यात." चष्मा चढवला आणि माझ्याकडे वळल्या. "पळ. जिथून मिळेल तिथून कढत पाणी आण."

मी चपला सीटवर टाकल्या आणि धावले. समोरच्या चाळीची दारं आतून लावलेली. मी दोन्ही हातांनी बडवत सुटले.

"कोण हाय?" आतून पुरुषाचा आवाज.

"नर्स आहे. बाईंच्या दवाखान्यातली. गरम पाणी द्या, गाडीत बाळंतीण आहे."

दार उघडलं. एक म्हातारा होता, अंगात नुसतं धोतर. त्याने माझ्या गणवेशावरचं रक्त पाहिलं, बाहेर रस्त्यातल्या गाडीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा, रस्त्यातच? या या, बंब पेटलेलाच हाय." पाणी गाडीला हवंय हे मी त्याला सांगितलं नाही. सांगायला वेळ नव्हता, आणि तसं पाहिलं तर ते शेवंतालाच हवं होतं. त्याने बंबातलं वाफाळतं पाणी बादलीत काढलं, वर एक तांब्या टाकला आणि माझ्या मागोमाग गॅलरीत येऊन बोळातल्या पोरांवर ओरडला, "ए, दगडं थांबवा रे! आपली बाळंतीण अडकलीया रस्त्यात!" वरच्या गॅलऱ्यांतून बायकांनी तेच ओरडायला सुरुवात केली. बघता बघता एका बाजूचे दगड थांबले.

दुसऱ्या बाजूचं मात्र अजून काही कळत नव्हतं. मी रस्त्याच्या मध्यावर असताना एक पोलीस बंदूक रोखून पुढे आला.

"ए, थांब! बादली खाली ठेव! काय हाय त्यात?"

"पाणी आहे."

"खाली ठेव म्हणतो ना!"

मी ठेवली. वरून बायका ओरडतच होत्या. तो जवळ आला, माझ्याकडे संशयाने बघत बादलीत बोटं घातली आणि चटका बसून हात झटकला. मग त्याने गाडीकडे पाहिलं, बोनेटवरची चादर पाहिली, मागच्या खिडकीतून दिसणारं भागीरथीचं तोंड पाहिलं. "जा," तो म्हणाला, "लवकर जा." आणि स्वतः तिथेच, आमच्याकडे पाठ करून, रांगेच्या दिशेला हात वर करून उभा राहिला.

बाईंनी खालची चटई उचलून ठेवली होती. जिथून पेडलचा दांडा फळीतून खाली जातो तिथे बोट दाखवलं. "इथे ओत. मी पेडल हलवत राहते."

"पण तुमचा पाय आहे तिथे."

"दिसतोय मला. ओत."

"बाई, पाणी कढत आहे हो!"

"थंड असतं तर कशाला मागवलं असतं? हलतं नाही ठेवलं तर पुन्हा बसेल ते. ओत!"

मी ओतलं. पाणी दांड्यावरून, त्यांच्या बोटांवरून, घोट्यावरून खाली गेलं. बाईंनी पाय काढला नाही. दाबला, बोटांनी ओढला, दाबला, ओढला. खालून तपकिरी पाणी रस्त्यावर गळायला लागलं आणि गाडीभर तुपाचा आणि आंबलेल्या दुधाचा वास सुटला. मी तांब्या भरत होते आणि ओतत होते आणि रडत होते. बाईंच्या तोंडून आवाज निघत नव्हता, फक्त मानेवरची शीर उडत होती. बादली तळाला आली तेव्हा त्यांनी पेडल पुरतं दाबलं आणि पाय उचलला. पेडल त्यांच्या तळव्याबरोबर, जराही मागे न राहता, वर आलं.

"बस," त्या म्हणाल्या.

बोळातली पोरं धावत आली. ज्यांनी दगड टाकले होते तेच उचलायला लागले. बाईंनी इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. तो इतका सावकाश सोडला की गाडी निघाली हे मला चाळ मागे सरकायला लागली तेव्हा कळलं. पोलिसांची रांग बाजूला झाली. परळपर्यंत भागीरथीचा जप बंद होता. ती शेवंताच्या नाडीवर बोट ठेवून बसली होती, तिला मी शिकवलं होतं तसं.

त्या कबुलीवर बाई पुढे एका अक्षरानेही बोलल्या नाहीत, हे वेगळं सांगायला नको. पुढच्या दसऱ्याला भागीरथी हिरमुसून आतच बसली होती, तर बाईंनी तिला हाक मारली आणि गाडीपुढे उभं केलं. "फुलं चालतील. कोरडी हळद चालेल. ओलं काही आणलंस तर बघ." भागीरथीने बोनेटवर हळदीचं बोट लावलं आणि बाई तोंड फिरवून उभ्या राहिल्या. मुंग्यांवरून मला मात्र कुणी कधी निर्दोष ठरवलं नाही.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात गाडी थांबली तेव्हा स्ट्रेचर आलं, शेवंताला आत नेलं, भागीरथी तिच्या हाताला धरून पळत गेली. मी बाईंच्या बाजूचं दार उघडलं.

"उतरा, बाई."

"तू जा. बघून ये."

"आणि तुम्ही?"

त्या समोरच बघत होत्या. "माझा पाय येत नाहीये गं," त्या म्हणाल्या.

मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी त्यांचा पाय पेडलवरून उचलला. कातडी सोललेली होती, घोट्यापर्यंत फोड आले होते. मी डॉक्टरला बोलावते म्हणाले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "आधी तिचं बघ. काही बरंवाईट झालं तर मला तू सांग. दुसऱ्या कुणाकडून नको." बाई घाबरलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण त्यांच्या गळ्यात पडायची पद्धत नव्हती.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर मी आणि भागीरथी भिंतीला टेकून उभ्या होतो. आत भांड्यांचे आवाज येत होते, मग तेही थांबले. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. शेवटी आतून रडणं ऐकू आलं, चिडलेलं, खणखणीत. पण बाईंना अर्धी बातमी चालत नसे, म्हणून मी दार उघडेपर्यंत थांबले. तिथली नर्स बाहेर आली, तिने दोघींची खबर सांगितली, आणि मी जिन्यावरून पळत सुटले.

बाई तशाच बसलेल्या होत्या, हात स्टिअरिंगवर, पाय बाहेर उन्हात.

"मुलगी झाली," मी म्हटलं. "चांगली आहे."

"आणि ती?"

"शुद्धीवर यायची आहे. पण आहे, बाई. नाडी नीट लागतेय. दोघी आहेत."

बाईंनी मान डोलावली. एकदा, दोनदा. मग त्यांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. कपाळ पडलं ते नेमकं हॉर्नच्या बटणावर, आणि हॉर्न वाजायला लागला. खिडक्यांतून माणसं डोकावली, कबुतरं उडाली. बाईंचे खांदे हलत होते आणि त्या डोकं उचलत नव्हत्या.

आतून वॉचमन दंडुका घेऊन धावत आला. "ओ ताई! हॉर्न बंद करा! हॉस्पिटल आहे हे, कळतं का?"

मी त्याच्या आणि गाडीच्या मध्ये उभी राहिले.

"कळतं," मी म्हटलं. "वाजू दे."